मोल देऊन जेवलेला पाहुणा

लंडनच्या नॅशनल गॅलरीत काराव्हाज्जोचं 1601 सालचं एक चित्र आहे. क्रुसावर गेलेला आणि पुन्हा उठलेला येशू एमाउस गावात दोन शिष्यांबरोबर जेवायला बसला आहे. तो भाकरीला आशीर्वाद देतो आणि वाटभर आपल्यासोबत चालत आलेला हा अनोळखी माणूस कोण, ते शिष्यांना त्या क्षणी उमगतं. कोपरावर बाही फाटलेला एक जण खुर्चीचे हात धरून उठू पाहतोय, दुसऱ्याने दोन्ही हात फैलावलेत. टेबलावर पाव आहे, भाजलेली कोंबडी आहे आणि अगदी कडेला, आता पडते की मग अशी, फळांची टोपली आहे. या तिघांच्या मागे चौथा एक जण उभा आहे. डोक्यावर पांढरी टोपी, हात कमरेच्या पट्ट्याशी, चेहरा कोरा. हा खानावळवाला. ल्यूकच्या शुभवर्तमानात तो नाही. इटलीतल्या चित्रकारांनी त्याला या प्रसंगात आणलं आणि काराव्हाज्जोने तर तो थेट रोमच्या एखाद्या ओस्तेरियातून, म्हणजे साध्या खानावळीतून, उचलल्यासारखा रंगवला. चित्राचा सहज लागणारा अर्थ असा, की समोर देव बसलेला असून एकट्या यालाच तो दिसत नाही, कारण याच्या लेखी समोर बसलंय ते गिऱ्हाईक. हा अर्थ अन्यायाचा आहे असं मला वाटतं. पैसे घेऊन जेवू घालणारा आणि पैसे मोजून जेवणारा यांच्यात जे घडतं त्याला आतिथ्य म्हणावं का, आणि धर्मांनी ज्या पंगतीला पवित्र मानलं तिच्याशी त्याचं काही नातं लागतं का, हा प्रश्न त्या कोऱ्या चेहऱ्यावरून वाटतो तेवढा सोपा नाही.

अन्न विकणाऱ्याबद्दलचा संशय फार जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरोने इसवीसनपूर्व 44 मध्ये मुलासाठी कर्तव्याविषयी ग्रंथ लिहिला. त्यात धंद्यांची प्रतवारी लावताना मासेविके, खाटीक आणि आचारी यांना त्याने तळाशी टाकलं, कारण ही माणसं इंद्रियसुखाची चाकरी करतात. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, पोटासाठी व्यापार करायची वेळ आलेल्या ब्राह्मणाने काय काय विकू नये याची यादी आहे. तिच्यात शिजवलेलं अन्न आहे. ‘अन्नविक्रय’ हा शब्द मराठीत आजही नाक मुरडूनच उच्चारला जातो. या संशयाला आधुनिक काळात सर्वांत भक्कम पाया घातला तो फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने. देणगीवरच्या 1925 सालच्या निबंधात त्याने दाखवलं, की अनेक समाजांत दिलेल्या वस्तूबरोबर देणाऱ्याचा काही अंश जातो आणि म्हणून घेणारा परतफेडीला बांधला जातो. नाती या बांधिलकीवर उभी राहतात. पैशाचा व्यवहार उलटा: बिल चुकतं केलं की कोणी कोणाचं काही लागत नाही. मग ज्या जेवणाच्या शेवटी हिशोब मिटतो ते जेवण माणसांना जोडणार कसं? आक्षेप इतक्या नेटक्या शब्दांत मांडला की बिनतोड वाटतो. पण तो ज्या जागेबद्दल आहे तिथे आधी डोकवायला हवं.

रोमचा टेस्टाच्चो हा भाग घ्या. 1890 च्या सुमारास इथे शहराचा मोठा कत्तलखाना सुरू झाला आणि 1975 मध्ये बंद पडला. कामगारांच्या मजुरीचा काही भाग जनावराच्या ‘पाचव्या चतुर्थांशा’त चुकता व्हायचा, म्हणजे बड्या घरांना नको असलेली शेपटी, आतडी, काळीज वगैरे. हे घेऊन ते शेजारच्या खानावळीत जात. टोमॅटो आणि सेलरीत तासन्‌तास शिजवलेली बैलाची शेपटी हा आज रोमचा मानाचा पदार्थ आहे, तो त्या गरजेतून आला. अशा गल्लीतल्या त्रात्तोरियात, म्हणजे घरगुती खानावळीत, अजूनही आठवड्याचं जुनं वेळापत्रक दिसतं: गुरुवारी बटाट्याचे न्योक्की, शुक्रवारी मासे, शनिवारी वजडी. शुक्रवारचे मासे हे चर्चच्या मांसवर्ज्य वाराचे, आणि गुरुवारचं पोटभरीचं जेवण त्या उपासाची आधीच केलेली बेगमी. धर्माचं पंचांग मठाच्या भिंतीवरून उतरून खडूने लिहिलेल्या फळ्यावर आलं ते असं. टेबलावर कागद अंथरलेला, घरची वाइन पाव लिटरच्या काचेच्या सुरईत. इटलीत सहसा बिलात माणशी दीड-दोन युरो ‘कोपेर्तो’ असतो, म्हणजे पाव, चादर आणि बसायची जागा यांचं मोल. (लाझिओ प्रांताने 2006 मध्ये कायद्याने तो बंद केला; रोममध्ये तो आता बऱ्याचदा ‘पाव’ या नावाने येतो.) संशय घेणाऱ्याला यापेक्षा चांगला पुरावा कुठला? इथे बसण्याचेही पैसे पडतात!

पण त्याच टेबलावर आणखी दोन गोष्टी घडतात. पहिली, मागितल्याशिवाय बिल येत नाही. कॉफी संपली, पावाचे तुकडे टिपून झाले, बाहेर लोक ताटकळत असले तरी वेटर बिल आणून ठेवणार नाही. न मागता आणणं म्हणजे ऊठ म्हणणं, आणि तसं म्हणणं असभ्य. दुसरी, अगदी शेवटी मालक कडसर आमारोची किंवा लिमोन्चेल्लोची बाटली आणि छोटे पेले आणून ठेवतो, कधी बाटली तशीच सोडून जातो. तिचे पैसे नसतात. हिशोबी माणूस म्हणेल, ही गिऱ्हाईक पुन्हा यावं म्हणून केलेली पेरणी. असेलही. मोसने वर्णन केलेल्या देणग्याही निर्हेतुक नव्हत्याच. त्यांच्याही मागे परतफेडीची अपेक्षा होतीच. मुद्दा एवढाच, की व्यवहार आणि देणगी ही दोन वेगळी राज्यं असून मध्ये कुंपण आहे, हे चित्र या टेबलावर टिकत नाही. दामाच्या चौकटीत आणि तिच्याच आधाराने इथे देणं चालू असतं. बोलोन्यातली ओस्तेरिया देल सोले 1465 पासून चालू असल्याचं सांगतात. तिथे मिळतात फक्त पेयं, मुख्यतः वाइन. खाणं लोक घरून किंवा पलीकडच्या बाजारातून कागदात बांधून आणतात आणि लांब टेबलांवर अनोळखी माणसांच्या शेजारी बसून खातात. पैसे देऊन विकत घ्यायचं ते पेलाभर पेय. त्याच्याबरोबर मिळते ती कोणाच्याही शेजारी बसायची मुभा. ही मुभा कोणत्याही घराने इतकी शतकं, इतक्या सरसकट दिलेली नाही.

आता धर्मग्रंथाकडे. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाला येशूने दिलेलं उत्तर म्हणजे भल्या शोमरोनीची गोष्ट. वाटेत लुटला गेलेला, अर्धमेला माणूस पाहून याजक बाजूने निघून जातो, मंदिराचा सेवक असलेला लेवी निघून जातो, आणि ज्याला यहुदी लोक परका मानत तो शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, आपल्या जनावरावर घालून त्याला नेतो. कुठे नेतो? स्वतःच्या घरी नाही, खानावळीत. दुसऱ्या दिवशी तो खानावळवाल्याला दोन दिनार देतो आणि सांगतो, याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येताना भरून देईन. प्रवचनांत शोमरोनीवर भर असतो तो रास्तच आहे, पण दयेच्या या आदर्श कथेचा शेवट पैशाच्या देवघेवीने होतो हे सहसा कोणी थांबून पाहत नाही. त्या खानावळवाल्याने फुकट काही केलं नाही. त्याने काम केलं, मोल घेतलं आणि उरलेल्या खर्चासाठी एका शोमरोन्याच्या शब्दावर उधारी ठेवली. जखमी माणूस जगला तो दोघांमुळे, आणि दुसरा नसता तर पहिल्याची दया रस्त्यातच अडकली असती. संत ऑगस्टीनने या कथेचं रूपक उलगडताना खानावळ म्हणजे चर्च आणि खानावळवाला म्हणजे प्रेषित पौल असा अर्थ लावला. रूपकं ताणून लावायची तेव्हा रीतच होती, हे मान्य. पण पैसे घेणाऱ्या माणसाच्या जागी प्रेषिताला बसवताना त्याला संकोच वाटला नाही, याची नोंद घ्यायला हरकत नाही. सिसेरोला तो नक्की वाटला असता.

या विचाराला अर्थशास्त्रात ज्याने घर दिलं तो इटालियन होता आणि पाद्रीही होता. अंतोनियो जेनोवेझी मुळात धर्मशास्त्राचा माणूस. मतांमुळे त्याला तिथे त्रास झाला आणि 1754 मध्ये नेपल्सच्या विद्यापीठात ‘व्यापार आणि यंत्रविद्या’ या नव्या अध्यासनावर तो आला. अर्थशास्त्राच्या जगातल्या पहिल्या अध्यासनांत त्याची गणना होते. ॲडम स्मिथचा प्रसिद्ध दाखला 1776 चा, आणि गंमत म्हणजे तो जेवणाचाच आहे: खाटीक, दारू गाळणारा आणि पाववाला आपल्याला जेवण देतात ते परोपकारबुद्धीने नव्हे, स्वार्थासाठी. (स्मिथच्या स्वतःच्या घरात आई आणि नात्यातली एक बहीण सगळं बघत होत्या, त्या कोणत्या बुद्धीने बघत, हा प्रश्न त्याने त्या जागी घेतला नाही.) जेनोवेझीने त्याच्या सुमारे दहा वर्षं आधी व्यापाराकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. त्याच्या मते व्यापार हे परस्परांना केलेलं साहाय्य. विकणारा आणि घेणारा दोघंही आपापला फायदा बघतात, हे तो नाकारत नाही, पण दोघांचा हेतू तेवढाच असतो असं तो मानत नाही. आपण मिळून काहीतरी करतो आहोत, त्यात तुझी गरज भागते आणि माझीही, ही जाणीव त्या व्यवहाराच्या आतच असू शकते. व्यवहार शुद्ध होण्यासाठी बाहेरून दान ओतावं लागत नाही. गल्लीतला त्रात्तोरियावाला स्मिथच्या वर्णनात अर्धाच मावतो. रोजच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकासाठी कोपऱ्यातलं टेबल राखून ठेवणारा, आज शेपटी नीट शिजली नाही, दुसरं काही घे, असं सांगणारा माणूस तोट्यातच असतो असं नाही. पण तो फक्त नफा मोजतोय म्हणणाऱ्याने त्याला नीट पाहिलेलं नाही.

इथपर्यंत मोल हे आतिथ्याला मारक नाही एवढंच झालं. माझं म्हणणं याच्या पुढचं आहे: काही बाबतींत मोल हे आतिथ्य वाचवतं. फुकट जेवण्यात मिंधेपणा असतो. ज्याच्या घरी जेवलो त्याच्यापुढे मान थोडी तरी खाली जाते, आणि यजमान थोर असला तर जास्तच. मोसने सांगितलेली बांधिलकी हीच, तिची काळी बाजू. शिवाय घरच्या पंगतीला कोणाला बोलवायचं हे यजमान ठरवतो, आणि तो ठरवतो म्हणजे जात, धर्म, प्रतिष्ठा ठरवते. अतिथीला देव मानायला शिकवणाऱ्या परंपरेत कोणत्या अतिथीला ओसरीच्या आत घ्यायचं याचे नियम किती बारीक होते हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. 1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये पाद्र्यांबरोबर चहा घेतल्यावरून रानडे आणि टिळक यांच्यावर प्रायश्चित्ताची वेळ आली. तो चहा फुकट होता आणि तरी महाग पडला. उलट भारतीय संविधानाच्या पंधराव्या कलमाने कोणत्या दारांवर भेदभावाला बंदी घातली ते पाहा: दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, आणि त्यांच्या जोडीला विहिरी, तलाव, रस्ते. उपाहारगृहाचं नाव घटनेत येतं, कारण तिथे माणसाला बाहेर ठेवलं जात होतं. वेगळी कपबशी ही हॉटेलातही होतीच. म्हणजे पैसा आपोआप दार उघडतो असं नाही. पण हॉटेलवाल्याला कायदा सांगू शकतो, की पैसे देणाऱ्या कोणालाही नाही म्हणता येणार नाही. घरच्या यजमानाला असं सांगता येत नाही, आणि कदाचित येऊही नये. सगळ्यांना खुलं असलेलं टेबल हवं असेल तर ते मोलाचं असणं हा त्याच्या खुलेपणाचा भाग आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप इव्हान इलिच यांचा आहे. ते स्वतः कॅथलिक पाद्री होते आणि शोमरोनीची कथा त्यांच्या उत्तरकाळच्या विचाराच्या केंद्रस्थानी होती. त्यांचं म्हणणं असं, की सुरुवातीच्या ख्रिस्ती कुटुंबांत दारी येणाऱ्या परक्यासाठी एक बिछाना आणि थोडी भाकरी राखून ठेवायची रीत होती. चौथ्या शतकात चर्चने परक्यांसाठी धर्मशाळा उभारायला सुरुवात केली आणि लोकांनी दारं लावून घेतली. पाहुण्याचं काम आता संस्था बघते. धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्टमने त्याच काळात हा धोका सांगितला होता. करुणा जिथे सेवा होते, सेवेला पगार लागतो, पगाराला कार्यालय, तिथे मूळची हाक ऐकू येईनाशी होते. हे खरं आहे, आणि रुग्णालयापासून वृद्धाश्रमापर्यंत आपण ते रोज पाहतो. पण इलिच ज्याच्यावर बोट ठेवतात ते आहे कर्तव्य दुसऱ्याकडे सोपवणं. त्रात्तोरिया हे तसं सोपवलेलं दान नाही. तिथला यजमान स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हाताने, समोर उभं राहून जेवू घालतो. आणि शोमरोनीच्या कथेतही दोन दिनार दिल्यावर शोमरोनी सुटत नाही, तो परत येणार असतो. पैसा हा सुटका करून घेण्याचा मार्ग होऊ शकतो. त्या कथेत तो नात्यातला पहिला हप्ता आहे.

दुसरा आक्षेप साधा आणि म्हणून जास्त बोचरा: ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याचं काय? खुलं दार हे पाकिटवाल्यांनाच खुलं. याला सिद्धान्ताने उत्तर देण्यापेक्षा, ज्यांनी गरिबांना जेवू घालण्याचं काम अंगावर घेतलं त्यांनी कोणता आकार निवडला ते पाहणं बरं. रोमच्या ट्रास्तेव्हेरे भागातल्या सांत एजिदिओ समुदायाने, जो 1968 मध्ये काही विद्यार्थ्यांनी सुरू केला, तिथल्याच सांता मारिया चर्चमध्ये 1982 मध्ये नाताळचं जेवण घालायला सुरुवात केली. चर्चच्या मधल्या भागात टेबलं मांडतात, चादरी घालतात आणि बेघर माणसांना बसवून वाढतात. याच समुदायाची एक त्रात्तोरियाही आहे. तिथे अपंग माणसं काम करतात आणि गिऱ्हाईक रीतसर बिल देतं. 2015 मध्ये मिलानच्या ग्रेको भागात आचारी मास्सिमो बोत्तुरा आणि तिथल्या धर्मप्रांताची कारितास संस्था यांनी एका बंद नाट्यगृहात ‘रेफेत्तोरियो आम्ब्रोझियानो’ उभं केलं. तेव्हा शहरात भरलेल्या जागतिक प्रदर्शनात उरलेलं अन्न नामवंत आचाऱ्यांनी गरिबांसाठी शिजवलं, आणि ते चांगल्या टेबलांवर, बसलेल्या माणसांपुढे आणून वाढलं. हातात थाळी देऊन रांगेत उभं करणं स्वस्त पडलं असतं, जलदही झालं असतं. पण गरिबाचा मान राखायचा म्हटल्यावर दानाने रूप घेतलं ते उपाहारगृहाचं: बसायला जागा, विचारायला माणूस, नको म्हणायची सोय. नको म्हणता येणं हा मोल देणाऱ्याचा हक्क. उत्तम दान तो हक्क ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाही उसना देतं. नेपल्समध्ये एका कॉफीचे जास्तीचे पैसे ठेवून जायचं आणि मागाहून येणाऱ्या अनोळखी गरजूने ती प्यायची, ही जुनी चाल याच जातीची आहे. पिणारा गल्ल्यापाशी उभा राहतो तो गिऱ्हाईक म्हणून. कोणाचे पैसे ते त्याला ठाऊक नसतं, म्हणून मिंधेपणाही नाही. आक्षेप यातून पुसला जात नाही. उपाशी माणूस बाहेर आहे तोवर आतलं कोणतंच टेबल निर्दोष नाही. मात्र ही गोष्ट घरच्या टेबलालाही तितकीच लागू आहे.

तिसरा आक्षेप वाढणाऱ्याच्या बाजूने. त्याचं हसू पगारी आहे, आणि गिऱ्हाइकाची मग्रुरी तो गिळतो. खुद्द काराव्हाज्जोचा दाखला आहे. एप्रिल 1604 मध्ये रोमच्या एका ओस्तेरियात आठ आर्टिचोक आले, चार तेलातले, चार लोण्यातले. कोणते कोणते, म्हणून त्याने विचारलं. वेटरने हुंगून बघ असं उत्तर दिलं, की स्वतःच एक उचलून हुंगला, याबद्दल साक्षींत फरक आहे. पण चित्रकाराने ताटली त्याच्या तोंडावर फेकली हे न्यायालयाच्या दप्तरात आहे. एमाउसची मेजवानी रंगवणारा हात तोच! तेव्हा मोलाने समता येतेच असा दावा करणं भाबडेपणाचं होईल. पण वाढपी न्यायालयात जाऊ शकला, कारण तो घरगडी नव्हता. घरच्या ‘फुकट’ आतिथ्यात चुलीपाशी जी बाई दिवसभर राबते तिच्या श्रमाला दामही नसतो आणि दप्तरही. पुण्य यजमानाच्या खात्यावर जमा होतं. ठरवून दिलेलं, पाळीने आलेलं वाढप म्हणजे खोटं वाढप, हेही खरं नाही. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठांसाठी जी नियमावली केली तिच्यात पाहुण्याला ख्रिस्त समजून घ्यायला सांगितलं आहे आणि स्वयंपाक-वाढप आठवड्याच्या पाळीने करायला सांगितलं आहे. त्यातच एक कलम आहे: वाढपी भावांना जेवणाच्या तासभर आधी जास्तीचा पाव आणि पेय द्यावं, म्हणजे वेळ आल्यावर ते कुरकुर न करता वाढतील. बेनेडिक्टला ठाऊक होतं, की उपाशी माणसाकडून प्रसन्नतेची अपेक्षा करू नये. आज अनेक त्रात्तोरियांत दारं उघडण्याआधी स्वयंपाकी, वेटर आणि भांडी घासणारा पोरगा एका टेबलाभोवती बसून जेवतात, ते याच शहाणपणाने.

मला खरी अडचण दिसते ती वेगळीच. आतापर्यंतची सगळी मांडणी एका गोष्टीवर टेकलेली आहे: गिऱ्हाईक परत येणार. मालकाने सोडलेली बाटली, शोमरोनीची उधारी, जेनोवेझीचं परस्परसाहाय्य, या सगळ्याला उद्या लागतो. जिथे समोरचा माणूस पुन्हा कधीच येणार नाही हे दोघांना ठाऊक असतं, तिथे मोस म्हणाला तसंच होतं. बिल चुकतं आणि संबंध मिटतो. व्हेनिसच्या जुन्या शहरात 1951 च्या सुमारास पावणेदोन लाख लोक राहत होते. 2022 मध्ये आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. घरं पर्यटकांना दिवसांच्या भाड्याने जाऊ लागली. अशा गल्लीत पाककृती जुनी राहील, चादरही चौकड्यांचीच राहील, बिलही मागितल्यावरच येईल, पण कोपऱ्यातलं टेबल राखून ठेवायला कोणी म्हातारं गिऱ्हाईक उरत नाही. तेव्हा मोलाचं जेवण पवित्र होऊ शकतं का, या प्रश्नाचा निकाल स्वयंपाकघरात लागत नाही आणि चर्चमध्येही नाही. तो बराचसा वरच्या मजल्यावर लागतो, तिथलं भाडं किती आणि ते कोणाला परवडतं यावर. धर्मचिंतन करणाऱ्यांना हा विषय आपला वाटत नाही. निदान इटलीत तरी तो त्यांनी आपला मानायला हवा.